दुसऱ्या टाकीला बसलेलं ड्रोन

मोहोळ तालुक्यात माझ्या मामांचा तीन एकर आडसाली ऊस आहे. मे महिन्यात तो दहा फुटांच्या वर गेलेला असतो. आत माणूस शिरला तर बांधावरून नुसती पाचट हललेली दिसते. त्याच उसात गेल्या वर्षी मे महिन्यात, सकाळी साडेअकराच्या सुमारास, आमचं सहा हातांचं फवारणी ड्रोन गेलं. शोधायला वीस मिनिटं लागली. शेवटी बझरच्या आवाजावरून सापडलं. उसानं झेललं होतं म्हणून एक हात आणि दोन पाती एवढ्यावर निभावलं. टाकीत अजून सात लिटर पाणी होतं. मामांनी ते खांद्यावरून बांधावर आणलं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "ह्ये पडलं न्हाई, बसलं. दमलेल्या म्हशीगत."

निदान म्हणून ते वाक्य अगदी बरोबर होतं. आम्हाला मात्र तिथंवर पोचायला तीन आठवडे आणि एक जळकी मोटार लागली.

आमची शेड सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. वडिलांची हयात यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करण्यात गेली. मी त्याच टेबलावर तांबं गुंडाळायला शिकलो आणि माग कमी होत गेले तसा ड्रोनच्या सांगाड्यांकडे वळलो. धंद्यातला जोडीदार शहराच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू, पॉलिटेक्निक झालेला. फर्मवेअर (यंत्रातला प्रोग्रॅम) आणि लॉग (उडताना आपोआप होणारी नोंद) त्याच्याकडे, लोखंड आणि तांबं माझ्याकडे. उसात चार महिन्यांनंतर पाठीवरचा पंप घेऊन शिरता येत नाही, म्हणून दहा लिटरचं फवारणी ड्रोन करायचं ठरवलं. हा प्रमाणपत्राच्या आधीचा नमुना. २०२१च्या ड्रोन नियमांत जीएसटी नोंदणी असलेल्या उत्पादकाला स्वतःच्या ताब्यातल्या जागेत, हिरव्या क्षेत्रात (जिथं उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही), संशोधनासाठी उडवायची सूट आहे. मामांचं रान त्यासाठी करारावर घेतलं. चाचण्या सगळ्या साध्या पाण्यावर, औषधाचा थेंबही नाही.

मोटारी, प्रॉप (म्हणजे पंखे), बॅटरी हे सगळं मी निवडलेलं होतं, म्हणून चुकीचा हिशेबही माझाच.

यंत्र असं होतं. सहा हातांच्या टोकांना सहा मोटारी, स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, तांबं गुंडाळलेला भाग) ६२ मिलिमीटर व्यासाचा आणि १५ मिलिमीटर उंचीचा, १७० केव्ही. केव्ही म्हणजे बिनओझ्याची मोटार एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. किलोव्होल्टशी त्याचा संबंध नाही, आमच्याकडे येणारे निम्मे लोक तिथंच गोंधळतात. प्रॉप २२ इंची, घडीचे. बॅटरी बारा सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर), १६ अँपिअर-तास, म्हणजे ४४.४ व्होल्ट आणि ७१० वॅट-तास, वजन ४.७ किलो. पाणी भरून सगळं मिळून २४.६ किलो. एका हाताच्या वाट्याला ४.१ किलो. मोटारीच्या तक्त्यात कमाल उचल ९ किलो लिहिली होती. नऊ भागिले चार पूर्णांक एक, म्हणजे २.२ पट. वजनाच्या दुप्पट उचल असावी असं जो तो सांगतो, त्यात हे आरामात बसत होतं. मी खूश.

पहिला धडा लॉगमधून निघाला. त्या सकाळी एका बॅटरीवर एक टाकी मारून झाली होती. टाकीला साधारण सात मिनिटं लागतात आणि बॅटरी निम्मी उतरते. निम्मी उरलीच आहे तर तिच्यावरच दुसरी टाकी मारू, असं माझं म्हणणं. जोडीदार कुरकुरला होता. "काय बे, बॅटरी बदलायला दोन मिनिटं लागतात," असं म्हणाला. मी ऐकलं नाही.

आता दुसऱ्या टाकीच्या सुरुवातीला काय स्थिती असते ते बघा. यंत्र पुन्हा पूर्ण वजनाचं झालेलं, बॅटरी मात्र अर्धी आणि तापलेली. पहिल्या टाकीला भरलेली बॅटरी जड यंत्र उचलते आणि बॅटरी उतरते तसं यंत्रही हलकं होत जातं. दोन्ही बरोबरीनं खाली येतात. दुसऱ्या टाकीला हे गणित उलटतं. उसाला रात्रीची लाइट असते तेव्हा डीपीवर सगळ्यांचे पंप एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं, मोटार नुसती गुणगुणते आणि करंट ओढते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लिपोचंही तेच. निवांत असताना ४५.८ व्होल्ट दाखवणारी बॅटरी १०५ अँपिअरची ओढ बसताच ४१ वर आली होती. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच उचलीसाठी जास्त करंट, जास्त करंट की आणखी पडझड. ही पॅक दुसऱ्या हंगामातली होती, आतला रोध नव्यापेक्षा दुप्पट झालेला. त्यातला एक सेल तर तीन व्होल्टला टेकला होता.

४२ व्होल्टला फेलसेफनं, म्हणजे बॅटरी पडली की यंत्र आपोआप परत आणणाऱ्या सोयीनं, यंत्राला घरी बोलावलं. आणि इथं आमचीच आणखी एक करामत. परतीची उंची पंधरा मीटर ठेवली होती. फवारणी उसाच्या शेंड्यावर अडीच मीटरवरून चाललेली. म्हणजे बॅटरी संपत आलेली, टाकी पाऊण भरलेली, आणि फेलसेफ म्हणतो आधी वर चढ. करंट १३० अँपिअर, व्होल्टेज ३७.८. सहापैकी तीन मोटारी शंभर टक्क्यांना चिकटल्या आणि यंत्र तशाच पूर्ण जोरात खाली येत राहिलं. म्हशीगत.

तीनच मोटारी का, हा प्रश्न जोडीदारानं उचलला. लॉगमध्ये एक सोडून एक अशा तीन मोटारी सुरुवातीपासूनच जास्त पळत होत्या. सहा हातांच्या यंत्रात तीन प्रॉप उजवे, तीन डावे. असा एक सोडून एक फरक दिसला की समजायचं, यंत्र स्वतःभोवती फिरू पाहतंय आणि तोल सांभाळणारा कंट्रोलर ते धरून ठेवतोय. हातांच्या नळ्यांवर लेव्हल ठेवून पाहिलं तर दोन मोटारींच्या बैठका दोन-दोन अंश कलंडलेल्या. क्लॅम्पचे बोल्ट उन्हात वाहतुकीनं सैल झाले असणार. चाचणीनंतर लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर लावला होता तेव्हाही तीन मोटारी ९८ अंश आणि तीन ७६ अंश निघाल्या होत्या. मी ते ऊन-सावलीवर ढकललं होतं. वडील असते तर बोट लावून म्हणाले असते, तिन्ही फेज सारखे तापत नाहीत म्हणजे दोष आहे, बघ.

दुरुस्तीला हात घालण्याआधी तक्त्यातला नऊ किलोचा आकडा तपासायचा ठरवला. मंगळवार पेठेतून आणलेला तीस किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा, त्याच्यावर लाकडी तरफ, तरफेच्या एका टोकाला मोटार अशी बांधली की वारा वर मोकळ्या जागेत जाईल आणि दाब काट्यावर येईल. तारेत क्लॅम्प मीटर. शेडमध्ये त्या दुपारी ४१ अंश होते. पुरवठा मुद्दाम ४२ व्होल्टवर ठेवला, कारण टाकीच्या शेवटी खऱ्या बॅटरीचं व्होल्टेज तिथंच असतं. पूर्ण थ्रॉटल दिला, शेडचे पत्रे वाजले, कोपऱ्यातल्या जुन्या सुताच्या कोनांचा ढिगारा उडाला आणि काट्यावर ६.४ किलो आले.

नऊचे साडेसहा झाले कुठे? मोटार नकली नव्हती. तक्ता ४६ व्होल्टचा आणि समुद्रसपाटीचा होता, एवढंच. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. उंचीनं थोडी आणि उन्हानं बरीच अशी हवा विरळ होते. प्रमाण हवा घनमीटरला १.२२५ किलो धरतात, १५ अंशांची. आपल्याकडच्या ४२ अंशांच्या दुपारी ती १.०६ च्या आसपास उरते. तेरा टक्के हवाच गायब. त्याच फेऱ्यांना उचलही तेरा टक्क्यांनी कमी, म्हणजे नऊचे ७.८. पुढे ४६ व्होल्टचे ४२ झाले. उचल ढोबळमानानं व्होल्टेजच्या वर्गाबरोबर पडते, म्हणून ७.८ चे साडेसहा. कागदावर २.२ पट असलेली उचल मामांच्या बांधावर १.६ पट होती. त्यातून कलंडलेल्या बैठका, हिंदकळणारं पाणी आणि साडेअकरानंतर सुटणारा वारा वजा करा.

आता सुधारणा. प्रॉप मोठा केला की तेवढंच वजन कमी विजेत तरंगतं, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त हवा हळू ढकलणं हे थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा स्वस्त पडतं. आमच्या सांगाड्यात शेजारच्या दोन मोटारींमध्ये ७०० मिलिमीटर अंतर होतं. २४ इंची प्रॉप म्हणजे ६१० मिलिमीटर, बसत होता. मोटारी त्याच ठेवून सहाही प्रॉप बदलले, बैठका सरळ केल्या, नवी बॅटरी लावली. तरंगताना बॅटरीचा करंट ९० वरून ८२ वर आला. मामांना फोन करून सांगितलंसुद्धा.

चौथ्या टाकीला वास आला. वार्निशचा. तो वास मी झोपेतही ओळखतो. उतरवून थर्मामीटर लावला तर एक मोटार ११८ अंश बाहेरून, म्हणजे आतलं तांबं त्याहून किती वर असेल ते सोडा. उघडली तर एका दाताभोवतीचं वाइंडिंग काळं पडलेलं. बॅटरीवरचा भार कमी झाला आणि मोटार जळाली, हे कसं?

इथं मला माझ्याच धंद्यातली गोष्ट आठवायला हवी होती. बॅटरीचा करंट वेगळा आणि मोटारीच्या तांब्यातला करंट वेगळा. मधला ईएससी, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट, व्होल्टेज उतरवून मोटारीला देतो आणि तेवढ्या प्रमाणात करंट वाढवून देतो. तांब्यातला करंट ठरतो पिळावर, म्हणजे टॉर्कवर. तेवढीच उचल मोठ्या प्रॉपनं घ्यायची तर फेरे कमी लागतात, वीज कमी लागते, पण पीळ मात्र व्यासाच्या प्रमाणात वाढतो. २२ चे २४ इंच झाले, पीळ नऊ टक्क्यांनी वाढला, करंट नऊ टक्क्यांनी वाढला आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गानं, म्हणजे १९ टक्क्यांनी वाढली. वर मोटार सावकाश फिरते, म्हणून तिच्यातून वाहणारी गार हवाही कमी. हे झालं नुसतं तरंगताना. वळणावर, चढताना कंट्रोलर थ्रॉटल पूर्ण देतो. त्याच फेऱ्यांना प्रॉपची वीज व्यासाच्या पाचव्या घातानं वाढते. २२ ते २४ म्हणजे जवळजवळ दीडपट. दोन इंचांत! बॅटरीला आराम दिला आणि सगळा ताप तांब्यावर घातला.

थोडं चुंबकांबद्दलही सांगतो, कारण हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. निओडिमियमच्या साध्या प्रतीचं चुंबक ८० अंशांच्या पुढं कायमचं कमजोर व्हायला लागतं. एच प्रत १२०, एसएच १५० अंशांपर्यंत टिकते. तांबं जळलं तर वास येतो, रिवाइंड करता येतं. चुंबक उतरलं की मोटार फिरते, तपासणीत बरी वाटते आणि तेवढ्याच उचलीला जास्त करंट खात राहते. म्हणून मोटार घेताना मी आता चुंबकाची प्रत विचारतो. दुकानदार बऱ्याचदा गप्प बसतो, तेव्हा मीही गप्प उठतो.

तर प्रॉप मोठा हवा असेल तर मोटारही पिळाची हवी. केव्ही कमी आणि स्टेटर रुंद. मोटारीचा पीळ साधारणपणे स्टेटरच्या व्यासाचा वर्ग गुणिले उंची या मापानं वाढतो. आमची ६२ बाय १५ ची. बाजारात फवारणीसाठी चालणारी दुसरी जात ८१ बाय २० ची, १०० केव्ही, ३० इंची प्रॉपची. त्या मापानं तिचा पीळ सव्वादोन पट. कमाल उचल तक्त्यात १५ किलो. आणि एका मोटारीला एवढी उचल असेल तर हात चार पुरतात.

चार की सहा, यावर शेडमध्ये दोन दिवस भांडण झालं. जोडीदाराचं म्हणणं बिनतोड वाटत होतं. सहा हातांच्या यंत्राची एक मोटार गेली तरी ते उतरवता येतं. चार हातांचं एक मोटार जाताच उलटतं. उसावर ठीक, पण कधी माणसांजवळ उडवायचं झालं तर? मी म्हटलं, चल, काट्यावरचे आकडे घेऊन बसू.

सहापैकी एक मोटार बंद पडली की तिच्या समोरची मोटारही जवळजवळ सोडून द्यावी लागते, नाहीतर यंत्र कलंडतं. म्हणजे ओझं उरतं चौघींवर. २४.६ भागिले चार, ६.१५ किलो. आणि मेच्या दुपारी आमच्या मोटारीची मोजलेली कमाल उचल ६.४. म्हणजे तोल सावरायला पाव किलो शिल्लक. भरल्या टाकीला सहा हातांची ती शाश्वती नावालाच होती. टाकी रिकामी असेल तर १४.६ भागिले चार, ३.६५, तेव्हा खरंच उतरता येईल. पण मोटार जळते ती भरल्या टाकीलाच. जोडीदारानं कागद उलटा करून दुसऱ्यांदा हिशेब केला, मग म्हणाला, "मग आपण आत्तापर्यंत कशाच्या भरवशावर उडवत होतो की?" मी चहा सांगितला.

मोठ्या मोटारी सहा लावल्या असत्या तर शाश्वती खरी झाली असती, पण वजन २५ किलोच्या वर गेलं असतं. ड्रोन नियमांत २ ते २५ किलो हा लहान वर्ग. त्यापुढं मध्यम वर्ग लागतो आणि पुढची प्रक्रिया बदलते. ते आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून चार हात, ३० इंच, १०० केव्ही. शाश्वतीचा तोटा मान्य करून. माणसांच्या जवळ हे यंत्र न्यायचं नाही, हे तेव्हाच भिंतीवर लिहिलं.

हिशेब असा बसला. बॅटरीविना सांगाडा ९.६ किलो, बॅटरी ४.७, पाणी १०, एकूण २४.३. एका हाताला ६.१ किलो. पात्यांनी झाडलेली एकूण जागा १.४७ चौरस मीटरवरून १.८२ वर गेली. काट्यावर मोजलं तेव्हा जुनी मोटार ४.१ किलोला ६४० वॅट घेत होती, नवी ६.१ किलोला ७९०. सगळं यंत्र मिळून ३,८४० वॅटचं ३,१६० वर आलं. आणि मेच्या दुपारी, उतरत्या बॅटरीवर, उचल १५ ची १०.८ धरली तरी १.८ पट राहते.

आता बॅटरी. यावर मामांचं ठाम मत होतं. "मोठी घाल की. ट्रॅक्टरला टाकी मोठी आसली की बरं पडतंय." २२ अँपिअर-तासाची पॅक मिळते, ९७७ वॅट-तास, सहा किलो. वजन वाढलं की लागणारी वीज त्याहून वेगानं वाढते. वजन दीडपट केलं तर वीज १.८४ पट. २२ ची पॅक लावून यंत्र २५.६ किलोचं होतं. ऊर्जा ३७ टक्क्यांनी वाढते, भरल्या वजनानं तरंगायची वेळ १०.८ मिनिटांवरून १३.७ वर, म्हणजे २७ टक्क्यांनी. शिवाय २५ किलोची रेघ ओलांडली. पण खरा मुद्दा हाही नाही. टाकी सात मिनिटांत संपते. मग यंत्र बांधावर येणारच आहे. त्या सात मिनिटांना जी वीज लागणार नाही, ती पाठीवर घेऊन उसावरून फिरवायची कशाला? ट्रॅक्टरला डिझेलचं ओझं जाणवत नाही म्हणून मामांचं म्हणणं तिथं खरं आहे.

जोडीदार दुसऱ्या टोकाला गेला: बारा अँपिअर-तासाची हलकी पॅक. एका टाकीला साधारण ३०० वॅट-तास लागतात, बाराच्या पॅकमध्ये ५३३ असतात, पुरतील. पुरतील खरं, पण दर वेळी ती जास्त खोल उतरणार, चढताना १५० अँपिअर म्हणजे तिच्या क्षमतेच्या साडेबारा पट ओढ, आणि लहान पॅकचा रोध मोठा. मे महिन्यात तिची पुरी फुगायला किती दिवस लागतील? १६ वरच थांबलो. एका टाकीला चाळीस-पंचेचाळीस टक्के उतरते, मग निघते, गार होते, चार्जिंगला जाते.

लिथियम-आयनचाही विचार केला होता. २१७०० आकाराच्या चांगल्या सेलांची १६.८ अँपिअर-तासाची पॅक पावणेचार-चार किलोत होते, म्हणजे जवळपास एक किलो वाचतो. सर्वेक्षणाच्या ड्रोनला मी तीच सुचवतो, तासभर मंद करंट. इथं मात्र चढताना प्रत्येक सेलवर ३७ अँपिअर येतात, पॅकचं व्होल्टेज सहा-सात व्होल्टनं पडतं, आणि पुन्हा त्याच म्हशीच्या गोष्टीवर येतो. शिवाय वीस-पंचवीस मिनिटांत चार्ज करायची ओढ या सेलांना मानवत नाही.

मोजायला बसलो तेव्हा दिवसाचं काम ठरवणारी गोष्ट बांधावर सापडली. सात मिनिटं उडणं, तीन मिनिटं पाणी आणि बॅटरी बदलणं, म्हणजे दहा मिनिटांचा फेरा. चार्जिंग पंचवीस मिनिटं. पण उन्हात उतरलेली बॅटरी ५५-६० अंशांची असते आणि ४५ च्या वर असताना ती चार्जरला लावू नये. सावलीत ठेवून गार व्हायला अर्धा तास जायचा. मामींनी ओसरीवरचा जुना कूलर दिला. त्याच्या तोंडापुढं लोखंडी जाळीवर बॅटऱ्या मांडल्या, वाळ्याच्या पडद्यातून येणारी हवा थेट त्यांच्यावर. पाणी उडू नये म्हणून मध्ये हातभर अंतर. पंधरा मिनिटांत ४० च्या खाली. या जुगाडानं सहा बॅटऱ्यांचं काम पाचात भागलं. एक बॅटरी वाचली म्हणजे कूलरचे पैसे कित्येकदा फिटले. जनरेटर तीन केव्हीएचा घेतला; दर दहा मिनिटांना तीनशे वॅट-तास भरायचे तर चार्जरचं नुकसान धरून सव्वादोन किलोवॅट सतत लागतात, त्याहून लहान जनरेटर धापा टाकतो.

प्रॉपबद्दल एकच सांगतो. घडीच्या पात्याचा बोल्ट किती आवळायचा हे कुणी लिहून देत नाही. आम्ही असं करतो: यंत्र हातानं आडवं धरायचं, पातं आपल्या वजनानं खाली पडता कामा नये, पण बोटानं ढकललं तर कुरकुर न करता फिरावं. जास्त आवळलं तर दोन पाती सरळ रेषेत येत नाहीत, यंत्र थरथरतं आणि जायरोला (यंत्राचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरला) वाटतं वारा सुटलाय. मधल्या प्लास्टिकच्या वॉशरवर धूळ बसली तरी हेच होतं. मोहोळची काळी माती वाळली की पिठासारखी उडते. रोज संध्याकाळी चार वॉशर पुसायचे, हे काम मामांच्या नातवाकडे.

नवं यंत्र ऑक्टोबरच्या उन्हात उडालं आणि मग यंदाच्या एप्रिलात, ४१ अंशांना. तरंगताना करंट ७३ अँपिअर, कागदावर ७१ होता. चारही मोटारी ७० ते ७४ अंशांत, एकमेकींच्या बरोबरीनं. परतीची उंची आता उसावर चार मीटर. फेलसेफ आधी वर उडी मारत नाही. दुसरी टाकी त्याच बॅटरीवर मारायची नाही म्हणून जोडीदारानं फर्मवेअरमध्येच कडी घातली: ७० टक्क्यांच्या खाली असलेली बॅटरी लावून मोटारी सुरूच होत नाहीत. मला विचारलं नव्हतं.

एक गोष्ट उलटली. ३० इंची पात्यांखालचा वारा जास्त रुंद आणि सौम्य पडतो, त्यामुळे जुन्या जागी लावलेल्या नोझलांची फवारणी कडेला पातळ आणि मध्ये दाट पडायला लागली. नोझल पात्यांच्या मध्याकडं सरकवून बघतोय. जमिनीवर कागदाच्या पट्ट्या पसरून थेंब मोजायचं काम चालू आहे, अजून जमलेलं नाही.

आणि टाकीवर दोन रेघा आहेत. मामांनी बैलांची शिंगं रंगवायचा लाल रंग आणून स्वतः मारल्या. वरची दहा लिटरची, खालची आठची. आठ लिटरला एका हातावर ५.६ किलो येतात आणि उचल १.९ पट राहते. बांधावरच्या बाभळीला आम्ही थर्मामीटर टांगलाय. ३८ च्या वर पारा गेला की खालची रेघ. परवा मी घाईत दहापर्यंत पाणी ओतायला लागलो, तर मामांनी बादली धरली, बाभळीकडं बोट केलं आणि म्हणाले, "वाच."

३९ होते. दोन लिटर पाणी बांधावर ओतलं.